अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी वकील निवडताना : सही सर्वात शेवटी

मुंबईत अपघातग्रस्त कुटुंबाची वकीलपत्रावरची सही बहुधा इस्पितळाच्या जिन्यातच होते. अपघात विभागाबाहेरच्या बाकावर रात्रभर बसलेल्या माणसाजवळ सकाळी कोणीतरी आपुलकीने येऊन बसतो, चहा मागवतो, ‘साहेबांचे ऑफिस फोर्टला आहे, आत्ता एक रुपयाही द्यायचा नाही, पैसे आले की टक्का’ असे सांगतो आणि तीन-चार कागद पुढे करतो, ज्यांवर सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतात. सही होते. पुढे दीड-दोन वर्षांनी आपला दावा कोणत्या न्यायाधिकरणात आहे, किती रकमेचा आहे आणि वकिलाचे पूर्ण नाव काय, हे त्या कुटुंबातल्या कोणालाच सांगता येत नाही.

अशा कुटुंबांच्या फायली लावून देण्याचे काम मी करतो आणि चूक बहुतेक वेळा एकाच जागी झालेली दिसते. वकील वाईट निवडला गेला, एवढेच तिचे स्वरूप नसते. आधी वकील, मग कागद आणि शेवटी दावा कोणत्या दारी न्यायचा याचा विचार, असा उलटा क्रम लागलेला असतो. तो सरळ कसा लावायचा, ते पुढे टप्प्याटप्प्याने दिले आहे.

१. दार कोणते ते आधी ठरवा

इजा सारखीच असली तरी ती कशाने झाली यावर दावा कुठे चालणार हे ठरते, आणि दावा कुठे चालणार यावर वकील कोणता हवा हे ठरते.

रस्त्यावर मोटार वाहनाने झालेली इजा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ नुसार अपघात जिथे झाला तिथे, दावेदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथे अर्ज करता येतो. ही मुभा फार मोलाची आहे आणि नेमकी तीच लोकांना ठाऊक नसते. कांदिवलीत राहणाऱ्या माणसाला साताऱ्याजवळ महामार्गावर ट्रकने उडवले, तर साताऱ्यात वकील करून दर तारखेला मोडलेल्या पायाने एसटीने जाण्याची गरज नाही. त्याचा दावा मुंबईत चालू शकतो. डोंबिवलीकराचा दावा मात्र, तो नोकरीला मुंबईत आहे एवढ्यावर मुंबईत चालेलच असे गृहीत धरू नये. त्याच्या राहण्याचे ठिकाण ठाणे जिल्ह्यात आहे. रोज ज्या न्यायाधिकरणात उभा राहतो तिथलाच वकील हवा, म्हणून हा प्रश्न आधी सुटला पाहिजे.

लोकलमधून पडून झालेल्या इजेचा किंवा मृत्यूचा दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जातो. तिथे चालकाचा किंवा रेल्वेचा दोष सिद्ध करावा लागत नाही, पण जखमी माणूस वैध प्रवासी होता हे दाखवावे लागते. तिकीट किंवा पास गहाळ झाला म्हणून दावा आपोआप बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रीना देवी प्रकरणात तसे स्पष्ट केले आहे. रूळ ओलांडताना झालेला अपघात मात्र या तरतुदीत बसत नाही. मृत्यूसाठीची भरपाई १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये अशी ठरलेली आहे, आणि इजांची रक्कमही तक्त्यानुसार ठरते. म्हणून ‘मी जास्त मिळवून देतो’ असे रेल्वेच्या मृत्यूच्या दाव्यात कोणी सांगत असेल, तर तिथूनच उठावे.

खड्ड्यात किंवा उघड्या मॅनहोलमध्ये पडून झालेल्या इजेसाठी मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये वेगळा मार्ग आखून दिला आहे, ज्यात रक्कम ठरवण्याचे काम महापालिका आणि विधी सेवा प्राधिकरण (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) यांच्या अधिकाऱ्यांच्या समितीकडे आहे. त्या अर्जासाठी मोठ्या फीचा वकील करण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करावी.

धडक देऊन पळून गेलेले वाहन सापडलेच नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. हा अर्ज महसूल अधिकाऱ्याकडे करायचा असतो.

तपासा: अपघात ड्यूटीवर असताना झाला का? जखमीचे ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कार्ड आहे का? असेल तर ही गोष्ट पहिल्याच भेटीत वकिलाला सांगा. कामगार नुकसानभरपाई आणि मोटार अपघात दावा यांपैकी एकच मार्ग निवडता येतो, आणि चुकीचा मार्ग धरल्यावर परत फिरणे अवघड असते.

२. शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा

मोटार अपघाताचा अर्ज अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत करायचा, अशी तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. रेल्वेच्या दाव्याला एक वर्ष आहे. उशीर झाला तरी चालते, माफ होतो, असे सांगणारे भेटतील. त्यांच्यावर विसंबू नये. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सहावा महिना पुरा होण्याच्या पंधरा दिवस आधीच्या तारखेला लाल गोल करावा आणि त्या तारखेपूर्वी अर्ज दाखल झाल्याचा क्रमांक हातात असावा.

याचा अर्थ पहिल्या आठवड्यातच वकील करायचा असा नाही. पहिले तीन-चार आठवडे उपचार आणि कागद यांना द्यावेत. इस्पितळात गाठणारे लोक नेमकी या घाईचीच भीती घालतात.

३. फाइल वकिलाआधी तयार करा

ज्याच्या हातात फाइल असते त्याला वकील वेगळ्या तऱ्हेने उत्तरे देतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. कागद पुढीलप्रमाणे जमवावेत.

पोलिसांचे कागद : एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, धडक देणाऱ्या वाहनाचे आरसी, चालकाचे लायसन्स आणि इन्शुरन्स पॉलिसी. २०२२ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला का, हे पोलीस ठाण्यात तपास अधिकाऱ्याला नाव घेऊन, लेखी अर्ज देऊन विचारावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. रेल्वेच्या बाबतीत लोहमार्ग पोलिसांचे कागद आणि स्टेशन मास्तरांचा मेमो महत्त्वाचा.

इस्पितळाचे कागद : केसपेपर, एमएलसी क्रमांक (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची इस्पितळातली नोंद), डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेच्या नोंदी, एक्स-रेच्या फिल्म आणि बिले. इथे एक बारीक गोष्ट आहे, जिच्यामुळे हजारो रुपये बुडालेले मी पाहिले. केमिस्टची बरीच बिले थर्मल कागदावर छापलेली असतात. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली की वर्षभरात ती कोरी होतात. एका काकूंनी पुढे केलेल्या गठ्ठ्यात साठेक बिले होती आणि दुकानाचा शिक्का तेवढा जांभळा उरला होता. औषधाचे नाव नाही, रक्कम नाही, तारीख नाही. बिल हाती आले की त्याच दिवशी झेरॉक्स काढावी, मोबाइलमध्ये फोटो घ्यावा आणि मूळ बिल झेरॉक्सला टाचणीने लावून ठेवावे.

उत्पन्नाचे कागद : नोकरदारांनी पगाराच्या पावत्या, रजेचा हिशेब, फॉर्म १६. रोजंदारीवर असलेल्यांनी बँकेचे पासबुक, यूपीआयने आलेल्या पैशांचे स्टेटमेंट, मुकादमाचे किंवा मालकाचे पत्र. घरकाम सांभाळणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचेही मोल न्यायालये धरतात. ‘आई काही कमवत नव्हती’ असे वकिलाकडे म्हणून तो मुद्दा स्वतःच सोडून देऊ नये.

सावधान: मूळ कागद कोणालाही देऊ नयेत. न्यायाधिकरणात मूळ प्रत सादर करावी लागेल तेव्हा त्या दिवशी स्वतः घेऊन जावे.

४. तीन नावे काढा, एक नाही

एकच नाव घेऊन गेलेला माणूस तुलना करू शकत नाही. पहिले नाव न्यायाधिकरणातूनच काढावे : एक सकाळ मोकळी काढून तिथे जावे, मागच्या बाकावर बसावे आणि दावेदारांच्या बाजूने कोण उभे राहते, कोण साक्षीदार डॉक्टरला प्रश्न नीट विचारते, कोण प्रत्येक प्रकरणात फक्त पुढची तारीख मागते, ते पाहावे. दोन तासांत जे कळते ते दहा जाहिरातींतून कळत नाही. तसेही बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करण्यास आणि कामासाठी माणसे फिरवण्यास मनाई आहे, तेव्हा इस्पितळातल्या माणसाने दिलेले कार्ड या यादीत घेऊच नये.

दुसरे नाव तुमच्या ओळखीत ज्यांचा दावा निकाली निघून पैसे हातात आले आहेत, त्यांच्याकडून घ्यावे. चालू दाव्यातल्या माणसाचे समाधान पुरावा म्हणून धरू नये.

तिसऱ्या नावासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कामगार यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. उत्पन्न कमी असलेल्या इतरांनाही तो मिळतो. हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे. मोफत म्हणजे दुय्यम, हा समज सोडून द्यावा.

नरिमन पॉइंटच्या मोठ्या लॉ फर्मचे काय, असे बरेच जण विचारतात. माझे मत स्पष्ट आहे. अशा फर्म बहुधा कंपन्यांची कामे करतात, आणि तुमचे प्रकरण तिथल्या सर्वात नव्या सहकाऱ्याच्या टेबलावर जाण्याचा संभव अधिक. मोटार अपघाताच्याच कामात वर्षानुवर्षे असलेले, दोन खोल्यांचे, वकील आणि एक अनुभवी क्लार्क असलेले ऑफिस अशा दाव्याला अधिक उपयोगी पडते.

५. भेटीआधी नाव पडताळा

ज्याचे ऑफिस आहे तो नोंदणीकृत वकील आहे का? सनदेचा क्रमांक विचारावा. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि वर्ष सांगायला खरा वकील कधीच कचरत नाही. त्यानंतर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोध घेऊन त्याची प्रकरणे पाहावीत : चालू किती, निकाली किती, आणि ‘दावेदार गैरहजर म्हणून खारीज’ असा शेरा किती ठिकाणी आहे. हा शेरा पुन्हा पुन्हा दिसला तर ते नाव यादीतून काढावे.

तपासा: तोच वकील विमा कंपन्यांच्या पॅनलवर आहे का? असणे गैर नाही, पण तुमच्या प्रकरणातल्या विमा कंपनीचे काम तो करत असेल तर तुमचे घेऊ शकत नाही. हे त्याने आपणहून सांगायला हवे. न सांगितल्यास विचारावे.

६. पहिली भेट : हिशेब कागदावर मांडायला सांगा

हा टप्पा सर्वात महत्त्वाचा असल्याने त्याला पूर्ण एक तास द्यावा आणि घरातले दोन जण जावेत. एकाने बोलावे, दुसऱ्याने लिहून घ्यावे.

‘किती मिळतील?’ असे विचारल्यास आकडा मिळेल, आणि तो आकडा निरुपयोगी असेल. त्याऐवजी ‘हिशेब कसा होतो ते या कागदावर दाखवा’ असे म्हणावे. इजेच्या दाव्याचा कणा अगदी सरळ आहे : वार्षिक उत्पन्न, कमाईची क्षमता किती टक्के गेली तो आकडा आणि वयानुसार ठरलेला गुणक. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा प्रकरणात गुणकांचा तक्ता निश्चित केला आणि २०१७ च्या प्रणय सेठी प्रकरणात तो कायम ठेवला. २१ ते २५ वयाला १८, ३१ ते ३५ ला १६, ४१ ते ४५ ला १४, ५१ ते ५५ ला ११, असा तो उतरत जातो.

एक उदाहरण पाहू. बत्तीस वर्षांचा टेम्पोचालक आहे, महिना २० हजार कमावतो, आणि डावा गुडघा पूर्ण वाकत नाही. डॉक्टरांच्या दाखल्यावर संपूर्ण शरीराचे अपंगत्व १५ टक्के लिहिले आहे. वकिलाने तोच आकडा उचलला तर वर्षाचे २,४०,००० गुणिले १५ टक्के म्हणजे ३६,००० आणि त्याला १६ ने गुणले की ५,७६,००० रुपये होतात. पण क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो. हा माणूस टेम्पो चालवू शकत नाही, दुसरे काम त्याला येत नाही. त्याची कमाईची क्षमता १५ टक्क्यांहून पुष्कळ अधिक गेली आहे. न्यायाधिकरणाने ती ४० टक्के धरली, तर हीच रक्कम १५,३६,००० होते. शिक्षकाच्या याच गुडघ्याला कदाचित १५ टक्केही धरले जाणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार प्रकरणात हा फरक फोड करून सांगितला आहे : शरीराचे अपंगत्व वेगळे आणि कमाईवर झालेला परिणाम वेगळा. (भावी उत्पन्नवाढ, उपचारांचा खर्च, वेदना, मदतनिसाचा खर्च हे सगळे या आकड्यांच्या वर येते.)

म्हणून चांगला वकील पहिल्या भेटीत रकमेआधी कामाविषयी विचारतो. दिवसभर उभे राहावे लागते का, ओझे उचलावे लागते का, कोणता हात वापरता, आता काय जमत नाही. हे प्रश्न न विचारता जो ‘पंचवीस लाख कुठे गेले नाहीत’ म्हणतो, त्याचे आभार मानून निघावे.

याशिवाय पुढील गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे तिथेच लिहून घ्यावीत. सुनावणीला स्वतः उभे राहणार की कनिष्ठ सहकारी? अपंगत्वाच्या दाखल्यासाठी उपचार करणाऱ्याच डॉक्टरची साक्ष घेणार का? ज्या डॉक्टरने कधी उपचार केले नाहीत त्याचा तयार दाखला ‘मिळवून देतो’ असे उत्तर आले तर ते धोक्याचे आहे; अशा दाखल्यांबाबत न्यायालयाने त्याच राजकुमार प्रकरणात न्यायाधिकरणांना सावध केले आहे. लोकअदालतीत तडजोड करण्याविषयी तुमचे मत काय? तडजोड कधी कधी उत्तम असते, पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, आणि हे जो वकील न विचारता सांगतो तो प्रामाणिक समजावा.

७. फी लेखी ठरवा, टक्केवारी नाकारा

निकालावर अवलंबून फी ठरवणे आणि मिळालेल्या रकमेत वाटा घेणे, दोन्हींना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. तरीही ‘आधी काही नको, नंतर टक्का’ ही भाषा सर्रास ऐकू येते, आणि हातात पैसे नसलेल्या कुटुंबाला ती उपकारासारखी वाटते. वर दिलेल्या उदाहरणातल्या टेम्पोचालकाने तीस टक्के कबूल केले असते, तर पंधरा लाखांतले साडेचार लाखांहून अधिक गेले असते आणि ते कशापोटी गेले याचा हिशेबही मागता आला नसता.

त्याऐवजी टप्प्यांची फी ठरवावी : अर्ज दाखल करताना अमुक, पुरावा सुरू झाल्यावर अमुक, अंतिम युक्तिवादाला अमुक. कोर्ट फी, नकलांचा खर्च, डॉक्टर-साक्षीदाराचा भत्ता हे फीत धरले आहेत की वेगळे, तेही लिहून घ्यावे. एकरकमी देणे शक्य नसल्यास तसे मोकळेपणाने सांगावे. हप्ते मागण्यात संकोच कसला? प्रत्येक रकमेची पावती घ्यावी, शक्यतो बँकेतूनच पैसे द्यावेत.

८. आता सही

वकीलपत्र पूर्ण भरलेले असावे : न्यायाधिकरणाचे नाव, पक्षकारांची नावे, वकिलाचे नाव आणि सनद क्रमांक, तारीख. रिकाम्या जागा असलेल्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्प पेपरवर किंवा कोऱ्या प्रतिज्ञापत्रावर सही किंवा अंगठा देऊ नये. अर्ज ज्या भाषेत आहे ती वाचता येत नसेल, तर घरातल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा शेजाऱ्याकडून मराठीत ऐकून मगच सही करावी. अपघाताची वेळ, जागा आणि वाहनाचा क्रमांक एफआयआरशी ताडून पाहावा. एका अंकाची चूक विमा कंपनीच्या वकिलाला पुरेशी असते.

तपासा: सही केलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स त्याच दिवशी घरी आली का? आठवडाभरात दाव्याचा क्रमांक मिळाला का? मिळाल्यावर तो ई-कोर्ट्सवर स्वतः टाकून पाहावा.

सावधान: कोरे चेक, बँकेच्या पैसे काढण्याच्या सही केलेल्या स्लिपा, पासबुक किंवा एटीएम कार्ड वकिलाच्या ऑफिसात ठेवायला कोणी सांगितले, तर ती निवड तिथेच रद्द करावी. भरपाई दावेदाराच्या स्वतःच्या खात्यात यावी आणि गरज असेल तिथे काही भाग मुदत ठेवीत राहावा, हीच न्यायालयांची पद्धत आहे. ती दावेदाराच्या रक्षणासाठी आहे.

९. निवड चुकली असेल तर

पुष्कळ वाचक या टप्प्यावर आधीच असतील. वकील बदलता येतो. आधीच्या वकिलाला लेखी कळवून त्याचे ना-हरकत पत्र मागावे. तो देत नसेल तर नवा वकील न्यायाधिकरणाची परवानगी घेऊन वकीलपत्र दाखल करू शकतो. ‘फी द्या, मग फाइल देतो’ असे म्हणून कागद अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात ठरवले आहे. राहिलेली फी तो वेगळ्या मार्गाने मागू शकतो, पण कागद तुमचे आहेत. गैरवर्तन गंभीर असेल तर बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. मात्र तक्रारीच्या निकालाची वाट पाहत मूळ दाव्याच्या तारखा चुकवू नयेत.

निकाल लागल्यावर रक्कम कमी वाटली, तर उच्च न्यायालयात अपिलाला ९० दिवस आहेत आणि वादातली रक्कम किमान १ लाख असावी लागते. निकालाची प्रमाणित नक्कल त्याच आठवड्यात मागावी आणि अपिलासाठी वकील ठरवताना पुन्हा पाचव्या टप्प्यापासून सुरुवात करावी, कारण न्यायाधिकरणात उत्तम काम करणारा वकील उच्च न्यायालयातही नियमित उभा राहतो असे नाही.